क्लायंट आला, पनीर वाढा

गेल्या महिन्यात श्टुटगार्टहून आमचा क्लायंट आला होता. क्लायंट म्हणजे तिकडच्या टीमचा आर्किटेक्ट. पन्नाशीचा, अबोल, भला माणूस. पुण्यात यायची त्याची ही नववी खेप. तिसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी त्यानं मला हळूच विचारलं, "तुम्ही लोक घरी रोज पनीरच खाता का?"

आधी हसू आलं, मग लाज वाटली. नऊ खेपा म्हणजे पंचवीस-तीस रात्रीची जेवणं तरी झाली असतील. त्यातलं एकही आम्ही त्याला पुण्याचं दिलेलं नाही.

आयटीतल्या लोकांना ही स्क्रिप्ट पाठ असेल. पहिल्या रात्री पंचतारांकित हॉटेलातला बुफे. दुसऱ्या रात्री 'टीम डिनर', म्हणजे हिंजवडीतून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये वीसेक किलोमीटर रांगत कोरेगाव पार्क गाठायचं, किंवा दमलो असलो तर बालेवाडी हाय स्ट्रीट. तिथे कानठळ्या बसवणारं संगीत, नाचोज, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायचं. तिसऱ्या रात्री 'ऑथेंटिक इंडियन', म्हणजे बटर चिकन, काळी डाळ आणि पनीरचे चार अवतार. (बटर चिकनशी माझं वैर नाही. पण पुण्यात तीन रात्री राहणाऱ्याला आपण दिल्ली का वाढतो?)

कारण विचारलं की उत्तरं तयार असतात. "त्याला तिखट झेपणार नाही." अरे, वरण-भात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, अळूचं फदफदं... यात तिखट कुठंय? सदाशिव पेठेतल्या थाळीपेक्षा आपल्या 'कॉन्टिनेंटल' पास्त्यात लाल तिखट जास्त असतं. दुसरं उत्तर, "पोट बिघडलं तर?" ही भीती खरी आहे, मी उडवून लावत नाही. पण परदेशी पोटाला धोका असतो तो पाण्याचा, बर्फाचा, कापून ठेवलेल्या सॅलडचा आणि तासन्‌तास कोमट राहिलेल्या अन्नाचा. आता यातलं काय बुफेच्या टेबलावर नसतं आणि खानावळीत असतं, सांगा. तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी आणि उकळता रस्सा, सोबत सीलबंद पाण्याची बाटली. माझी आर्किटेक्टसाहेबांच्या पोटाची काळजी इथे संपते.

खरं कारण वेगळं आहे आणि ते बोलायला आवडत नाही. आपल्याला लाज वाटते. स्टीलचं ताट, एकाच टेबलावर समोर बसलेला अनोळखी माणूस, "अजून काय?" म्हणून डोक्यावर उभा राहणारा वाढपी, हे सगळं 'क्लायंटला दाखवण्यालायक' नाही असं आपण गृहीत धरलंय. आपल्याला त्याला पुणे दाखवायचं नसतं, आमच्याकडेही तुमच्यासारखं आहे हे दाखवायचं असतं. तो बिचारा आठ तास उडून त्याच्या गावच्यापेक्षा वाईट पिझ्झा खातो आणि 'व्हेरी नाइस' म्हणतो.

आता तो काय करतो बघा. मी चार वर्षांपूर्वी तिकडे होतो तेव्हा यानंच मला एका संध्याकाळी गावाबाहेर नेलं. घराच्या दारावर चक्क झाडू टांगलेला. म्हटलं, हे काय? तर त्याला 'बेझनविर्टशाफ्ट' म्हणतात. द्राक्षबागेचा मालक वर्षातले जास्तीत जास्त चार महिने आपल्याच जागेत स्वतःची वाइन विकतो, चाळीसच्या वर खुर्च्या मांडायच्या नाहीत असा नियम, आणि झाडू टांगलेला म्हणजे आज चालू आहे. बाकडी इतकी चिकटून की शेजारच्या आजोबांचं कोपर माझ्या बरगडीत. मी मांस खात नाही म्हणून त्यानं मला श्पेट्झल मागवून दिलं. चीजमध्ये घोळवलेल्या जाडसर शेवया, वर तळलेला कांदा. मेनूकार्ड इंग्रजीत नव्हतं, टेबलक्लॉथ नव्हता, आणि त्याला कसलीही लाज वाटत नव्हती. सहा महिन्यांच्या ऑनसाइटमधली तेवढी एकच संध्याकाळ मला नीट आठवते.

तर त्या पनीरच्या प्रश्नानंतर मी त्याला नारायण पेठेतल्या एका खानावळीत घेऊन गेलो. मुद्दाम नाव देत नाही, गर्दी आधीच खूप आहे. त्यानं मटणाच्या रश्श्यात भाकरी बुडवून, नाक पुसत पुसत दोन ताटं संपवली. मी पिठलं. मग निंबाळकर तालमीपाशी सुजातामध्ये मँगो मस्तानी. दूध, आईस्क्रीम आणि त्याला बाजीरावाच्या मस्तानीचं नाव का, हे समजावताना माझी इतिहासात बरीच फजिती झाली. असो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर: "अरे, त्याला खानावळीत नेलंस? आजारी पडला असता तर एस्कलेशन तुझ्या नावानं आलं असतं." आणि मग फायनान्सची मेल. बिल हातानं लिहिलेलं आहे, त्यावर जीएसटी नंबर नाही, सबब क्लेम नामंजूर. म्हणजे बघा, पाहुण्यानं काय जेवायचं हे आम्हीही ठरवत नाही आणि तोही नाही. एक्स्पेन्स टूल ठरवतं.

राहिली 'नाइटलाइफ'. आधी साधं गणित. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा श्टुटगार्टात उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच झालेले असतात. आपण "दमला असशील" म्हणून त्याला हॉटेलवर सोडतो तेव्हा त्याची संध्याकाळ सुरू होत असते. म्हणून पब हाच उपाय? टीमला रात्री एकपर्यंत ताटकळवायचं, नऊला निघणाऱ्या मुलीकडे 'टीम स्पिरिट नाही' अशा नजरेनं बघायचं, आणि वर कुणीतरी 'दोनच तर घेतल्यात' म्हणत गाडीची किल्ली काढायची. मे 2024 मध्ये कल्याणीनगरात पोर्शनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती गाडी पबमधूनच निघालेली होती. त्यानंतर महिनाभर सगळे कॅबनं जात होते. महिनाभर.

प्यायचीच असेल तर त्याला परमिट रूममध्ये न्या. 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात आजही प्यायला कागदोपत्री परवाना लागतो आणि त्यावरून या जागेला हे नाव पडलं, हे ऐकून जर्मन माणूस जितका खूश होतो तितका तो कुठल्याच कॉकटेलनं होत नाही. सोबत मसाला पापड, शेंगदाणे, आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

किंवा बालगंधर्वला रात्रीच्या प्रयोगाला न्या. भाषा कळणार नाही, पण 1968 पासून उभ्या असलेल्या थिएटरात मध्यंतराला बटाटेवड्यासाठी होणारी झुंबड कळायला भाषा लागत नाही. डिसेंबरात आला तर सवाई गंधर्व आहेच. पूर्वी शेवटची मैफल पहाटेपर्यंत चालायची, ध्वनिक्षेपकाच्या नियमांनी ते गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. ती होती खरी पुण्याची नाइटलाइफ!

डिसेंबरात तो पुन्हा येतोय. पीएमनं कालच 'क्लायंट डिनर' म्हणून कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलंय, बुफे, आठ वाजता. मी डिक्लाइन केलं. पाच मिनिटांनी श्टुटगार्टहून त्याचंही डिक्लाइन आलं.