उसनी ताकद, वीस रुपये बाटली

वळसंगहून माल आणण्यासाठी आम्ही नेहमी अक्कलकोट रोडने सोलापूरच्या एमआयडीसीत जातो. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांबाहेर पूर्वी चहाचे ग्लास दिसत. आता त्यांच्या जोडीला लाल पेयाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. पाव लिटर माल, किंमत वीस रुपये. रात्रपाळीचे कारागीर ती पिऊन मागावर उभे राहतात.

आम्हीही एक पिऊन पाहिली. वास फळाचा, चव गोड-आंबट, आणि मागाहून जिभेवर खोकल्याच्या औषधासारखा कडवटपणा. बाटलीवर समोर 'एनर्जी' हा शब्द ठळक. मुले, गरोदर स्त्रिया व कॅफिन न सोसणारे यांनी पिऊ नये, ही सूचना मात्र मागे, चष्मा लावूनही कष्टाने वाचावी अशा अक्षरांत.

सरकारी नियमानुसार अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत 75 मिलिग्रॅमपर्यंत. साखरेने थोडा वेळ जोम येतो. कॅफिन ताकद देत नाही, फक्त थकवा जाणवू देत नाही. शिवाय पाच तासांनंतरही त्यातले साधारण निम्मे शरीरात उरते. रात्री दोनला बाटली पिणारा कारागीर सकाळी सातला घरी आडवा होतो, तेव्हा झोप कशी यावी?

आमच्या ओळखीच्या एका तरुण विणकराचे असेच झाले. एका रात्रीत तीन बाटल्या प्यायला. छाती धडधडू लागली, दिवसभर डोळा लागला नाही. पुढच्या पाळीत ताण्याची तार तुटलेली त्याला दिसलीच नाही. दोन डझन टॉवेल सेकंडमध्ये गेले. बाटलीचे पैसे त्याचे, नुकसान मालकाचे आणि तब्येत पुन्हा त्याचीच. रोज एक बाटली धरली तरी सव्वीस दिवसांचे 520 रुपये होतात.

काही मालक स्वतःच बाटल्या पुरवतात, हे आम्हाला पटत नाही. बारा तासांच्या पाळीत माणूस थकणारच. त्याला अर्धा तास विसावा, प्यायला थंड पाणी, लिंबाचे सरबत द्यावे. थकव्यावर इलाज विश्रांती हाच आहे.

दुकानदार बांधवांनाही एक अर्ज आहे. शाळेपासून 500 मीटरच्या आत जादा कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करू, असे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत सांगितले होते. सप्टेंबर 2025 पासून या मालावर 40 टक्के जीएसटीही आहे. पण शाळकरी मुलाच्या हाती बाटली द्यायची की नाही, हे शेवटी गल्ल्यावर बसलेल्यानेच ठरवायचे असते. दोन-चार रुपये सुटतात म्हणून शेजाऱ्याच्या पोराला ती विकू नये.

परगावच्या चादरीवर 'सोलापुरी' छाप दिसला की आपण सारे चिडतो, लबाडी म्हणतो. मग थकवा झाकणाऱ्या पाण्यावर 'ताकद' लिहिलेले आपण मुकाट्याने का विकावे? जो माल आपल्या मुलाला देणार नाही, तो दुसऱ्याच्या मुलाला विकू नये. व्यापाराचा हा जुना हिशोब आजही खरा आहे.