साडेनऊ की साडेदहा?

मार्चचा दुसरा रविवार आला की आमच्याकडे न्यू जर्सीत घड्याळं एक तास पुढे सरकतात. रात्रीचे दोन वाजायच्या जागी डायरेक्ट तीन! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो तास परत मिळतो. ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींसाठी हा फक्त झोपमोडीचा मामला. आपल्यासारख्यांसाठी मात्र तो अंतराचा असतो. भारतातलं घड्याळ जागचं हलत नाही ना! त्यामुळे उन्हाळ्यात सातारा माझ्यापासून साडेनऊ तास लांब, आणि हिवाळ्यात साडेदहा.

साताऱ्यात आई असते. एकटी. वय एक्क्याऐंशी. मी १९९९ पासून एडिसनमध्ये. वायटूकेच्या लाटेत जे हजारो कॉम्प्युटरवाले इकडे येऊन पडले, त्यातला एक.

आई प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. मी अमेरिकेत आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने तिची पद्धत बसवली. ‘आपल्या घड्याळात उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे, हिवाळ्यात दीड, आणि दिवसाची रात्र करायची. झालं!’ करून बघा. साताऱ्यात सकाळचे सात, अडीच मिळवा, साडेनऊ. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ. आमचे बाकीचे नातेवाईक आजही बोटं मोजतात आणि पहाटे चारला ‘हॅपी बर्थडे’चा फोन करतात. आई कधीच चुकली नाही. दर मार्चला ती कालनिर्णयवर त्या रविवारच्या चौकोनात लाल पेनने लिहायची, ‘अडीच’. नोव्हेंबरला ‘दीड’. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, दुधाचा हिशेब आहे.

आमच्या घरात फोनचं आणि हिशेबाचं नातं तसं जुनंच. माझी ताई लग्न होऊन इंदूरला गेली तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. नंबर लावलेला होता, पण तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. तोवर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले होते. रात्री अकरानंतर पाव रेट. म्हणून रविवारी रात्री मी आणि बाबा पोवई नाक्याजवळच्या बूथवर जायचो. अख्खा गाव झोपलेला आणि बूथपुढे मात्र ही लाईन! बाबा घरी बनियनवर असायचे, पण फोन करायला इस्त्रीचा शर्ट घालायचे. खिशात चिठ्ठी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे लिहिलेले. तब्येत. सासूबाईंचं गुडघ्याचं औषध. लोणचं पोचलं का. दिवाळीला कधी येणार.

माझं काम मीटर बघण्याचं. लाल आकडे टकटक पुढे पळायचे. वीस रुपये झाले की मी बाबांच्या कोपराला हात लावायचा. ते मान हलवायचे, उरलेले मुद्दे एका दमात उरकायचे आणि ‘बरं, ठेवतो’ म्हणायचे. एकदाच त्यांनी माझा हात बाजूला सारला. मीटर चाळीसच्या पुढे गेला आणि ते नुसते ‘हं… हं…’ करत राहिले. बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ताई महिनाभर माहेरी आली.

माझ्या वाट्याला आलं ते कॉलिंग कार्ड. ओक ट्री रोडवरच्या दुकानात भेंडी, पोहे आणि कार्ड अशी एकत्रच खरेदी व्हायची. नाण्याने खरवडायचं, लांबलचक पिन दाबायचा, मग एक बाई गोड आवाजात किती मिनिटं उरली ते सांगायची. (ती कधीच तेवढी नसायची, हा भाग वेगळा.) शेवटच्या मिनिटाला तीच बाई मध्ये बोलायची आणि आईला वाटायचं, सुनेचा आवाज बदलला की काय. पण त्या वीस मिनिटांत आम्ही किती बोलायचो, बॉस! आईपण चिठ्ठी घेऊनच बसलेली असायची. बाबा २०११ मध्ये गेले, तोवर फोन खूपच स्वस्त झाला होता. मग २०१६ च्या शेवटी व्हॉट्सअपवर व्हिडिओ कॉल आला आणि सगळंच फुकट.

तेव्हापासून मी आईचं कपाळ बघतोय. कपाळ, चष्म्याची वरची काडी आणि तिच्यामागे फिरणारा पंखा. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘थंडी आहे का?’ ‘आहे.’ ‘बाकी?’ ‘बाकी काही नाही.’ मीटर नाही, बाई नाही. आणि मुद्देही नाहीत. फुकट झालं की बोलणं पातळ होतं, असं माझं आपलं मत.

यंदाच्या मार्चमध्ये घड्याळ पुढे गेलं आणि दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा फोन लावला. आईने विचारलं, ‘तिकडे सकाळ ना रे आता?’ मी म्हटलं, ‘अगं रात्र. साडेनऊ वाजलेत.’ ‘हो, हो.’ भेंडीच्या भाजीवर बोललो, ताईच्या नातवावर बोललो. ‘ऑफिसला निघायचं असेल ना तुला?’ मी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मी फोन जरा वळवायला सांगितला, भिंत दिसेल असा. मार्चचा चौकोन कोरा होता.

ताईला सांगितलं. डॉक्टरकडे जाऊन झालं, गोळ्या सुरू झाल्या, ताई इंदूरहून येऊन दोन महिने राहिली. मी डिसेंबरची तिकिटं काढलीत. नेवार्कहून मुंबई पंधरा तास, मग गाडीने सातारा. ऑफिसात दोन महिने तिथूनच काम करू द्या म्हणून अर्ज टाकलाय. मॅनेजर म्हणतो, बघू.

तोवर मी खिशात चिठ्ठी ठेवायला लागलोय. सकाळी मेट्रोपार्कहून ट्रेन पकडली की मॅनहॅटन येईपर्यंत चार मुद्दे लिहून काढतो. बातम्या नाहीत, प्रश्न. बाबांचा इस्त्रीवाला कोण होता? ताईला पाठवायच्या लोणच्यात मोहरी किती? अशा प्रश्नांवर पंखा स्क्रीनबाहेर जातो आणि आईचा पूर्ण चेहरा येतो. परवा सहज विचारलं, ‘आपण बूथवरून ताईला फोन करायचो, तो नंबर आठवतो का गं?’

‘शून्य सात तीन एक,’ आई लगेच म्हणाली, आणि पुढचे सगळे आकडे न अडखळता. मग म्हणाली, ‘पण अकरा वाजू देत. आत्ता महाग पडेल.’