घट, मुकुट आणि सोने

१५ जुलै २०११ रोजी हॅरी पॉटर चित्रपटमालिकेचा आठवा आणि अखेरचा भाग ब्रिटन व अमेरिकेतील पडद्यांवर आला. त्याच सुमारास तो भारतातही पोहोचला. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा दहा-अकरा वर्षांची असलेली मुले आता विशीत आली होती. नायकाची भूमिका करणारा डॅनियल रॅडक्लिफ अकराव्या वर्षी या कामास लागला आणि अखेरची दृश्ये पूर्ण करून बाहेर पडला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. प्रेक्षक आणि नट एकाच वेगाने मोठे झाले, असा योग चित्रपटसृष्टीत क्वचितच येतो. त्यामुळेच अखेरचा पडदा पडल्यावर जुन्या चाहत्याच्या मनात जे दाटून आले, त्याला एकच एक नाव देणे कठीण होते. तृप्ती होती, हुरहूर होती, आणि थोडी तक्रारही होती.

परस्परविरोधी वाटणाऱ्या या भावना एकाच मनात एकाच वेळी कशा नांदतात, याचे उत्तर जैन न्यायपरंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथात एक दृष्टांत दिला आहे. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट घडविला जातो. ज्याला घट हवा होता, तो शोक करतो. ज्याला मुकुट हवा होता, तो हर्षित होतो. ज्याला केवळ सोनेच हवे होते, तो मध्यस्थ राहतो. कारण सोने कोठेच गेलेले नाही. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही वस्तूची तीन लक्षणे समजावून देणारा हा दृष्टांत सराफकट्ट्यावर वावरलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दीर्घकाळच्या चाहत्याच्या मनात मात्र ही तिन्ही माणसे एकत्र बसलेली असतात.

पहिला घटार्थी. त्याला कथेचा शेवट हवा होता, असे म्हणता येणार नाही. त्याला हवी होती ती प्रतीक्षा. जे. के. रोलिंग यांची सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात आली आणि त्यांवरचे चित्रपट २००१ ते २०११ या काळात. ती मराठीतही अनुवादित झाली. पुढील भाग येईपर्यंत तर्क लढविणे, भावंडांशी वाद घालणे, पुस्तकातील कोणता प्रसंग पडद्यावर येईल याची पैज लावणे, हा त्या काळाचा खरा आनंद होता. शेवट झाला आणि हा घट फुटला. पहिल्या दोन चित्रपटांत आचार्य डम्बलडोर साकारणारे रिचर्ड हॅरिस २००२ मध्येच निवर्तले होते. पुढे २०१६ मध्ये ॲलन रिकमन, २०२२ मध्ये रॉबी कोल्ट्रेन, २०२३ मध्ये मायकेल गॅम्बन आणि २०२४ मध्ये मॅगी स्मिथ गेल्या. पडद्यावरची शाळा तशीच राहिली. तिचे गुरुजन एकेक करून निघून गेले. घटार्थ्याचा शोक पोरकट म्हणून उडवून लावता येत नाही. बालपण सरल्याची पहिली जाणीव अनेकांना याच निमित्ताने झाली.

दुसरा मुकुटार्थी. त्याला पूर्णत्व हवे होते आणि ते बऱ्याच अंशी मिळाले. चार दिग्दर्शक बदलले, तरी मुख्य तिन्ही कलाकार शेवटपर्यंत टिकले. सात चित्रपट ज्याला खलप्रवृत्तीचा मानत आले, त्या स्नेपच्या आठवणींचा प्रसंग शेवटच्या भागात उलगडला आणि एका माणसाविषयी घाईने बांधलेले मत किती अपुरे असते, हे लाखो मुलांनी एका क्षणात अनुभवले. अनेकान्ताचा एवढा सोपा पाठ पाठशाळेतही सहज सापडत नाही.

तथापि मुकुटाची घडण पाहताना जाणकार चाहता एका ठिकाणी अडतो. पुस्तकात अखेरचा सामना सर्वांसमक्ष, शाळेच्या सभागृहात होतो; चित्रपटात दोघेच उजाड प्रांगणात झुंजतात. हा बदल केवळ दृश्यापुरता असता, तर विसरता आला असता. परंतु पुस्तकातील हॅरी शस्त्र उगारण्यापूर्वी शत्रूला पश्चात्ताप करण्याची एक संधी देतो. मृत्यूच्या भयाने व्होल्डेमॉर्टने हत्या करून आपल्या आत्म्याचे तुकडे केलेले असतात, आणि ते पुन्हा सांधण्याचा उपाय केवळ तीव्र पश्चात्ताप हाच असतो. तो नकार देतो, घातक मंत्र सोडतो. हॅरी मात्र प्रतिस्पर्ध्याची छडी हातातून उडविणारा साधा मंत्रच वापरतो. मारणारा मंत्र उलटून मारणाऱ्यावरच कोसळतो. चित्रपटाने झुंज भव्य केली, पण पश्चात्तापाचे ते आवाहन गाळले. प्रतिक्रमण आणि क्षमापना ज्या घरांत दरवर्षी होते, तेथील वाचकाला ही उणीव इतरांहून अधिक बोचावी, हे स्वाभाविक आहे. एकशे तीस मिनिटांचा हा भाग मालिकेतील सर्वांत छोटा. दोन मिनिटे अधिक घेतली असती, तर कोणी घड्याळ पाहिले नसते.

तिसरा सुवर्णार्थी. त्याची दृष्टी कथेच्या गाभ्यावर असते. शेवटच्या भागाच्या नावातच तीन वस्तू आहेत: अजिंक्य छडी, गेलेल्यांना बोलावून आणणारा खडा आणि अदृश्य करणारा अंगरखा. तिन्ही ज्याच्या हाती, तो मृत्यूचा स्वामी, अशी समजूत. नायकाच्या हाती तिन्ही येतात. तो खडा जंगलात टाकून देतो. छडी पुस्तकात मूळ जागी परत ठेवण्याचे ठरवितो आणि चित्रपटात मोडून दरीत भिरकावतो. वडिलांकडून आलेला अंगरखा तेवढा ठेवतो. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख वस्तूवरून नव्हे, तर तिच्यावरील मूर्च्छेवरून करून दिली आहे. ही इंग्रजी कथा जैन तत्त्वज्ञानाची आहे, असा ओढूनताणून दावा करण्याचे कारण नाही. तीत मंत्रतंत्र आहे, हिंसाही आहे. पण सर्वाधिक सामर्थ्य हाती असताना ते सोडून देणारा नायक दहा वर्षे मुलांच्या मनात राहिला, हे सोने खोटे नाही.

बाजाराला मात्र हा त्याग परवडणारा नव्हता. शेवटच्या भागाने जगभरात १३० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. चालती पेढी कोण बंद करील? लंडनजवळ लीव्ह्सडेन येथे जेथे चित्रीकरण झाले, तेथे २०१२ मध्ये प्रेक्षकांसाठी दालने खुली झाली. २०१६ पासून त्याच विश्वातील तीन नवे चित्रपट आले. पाचांचा संकल्प तिसऱ्यावरच थांबला. २०२३ मध्ये तीच सात पुस्तके नव्या नटांसह दूरचित्रवाणी मालिकेत आणण्याची घोषणा झाली. व्यापारी कुटुंबांनी यात दोष पाहण्याचे कारण नाही. मागणी असेल तेथे माल येणारच. प्रश्न ग्राहकाचा आहे. फुटलेला घट परत मिळेल या आशेने तो प्रत्येक नवी वस्तू घेऊ लागला, की कथेच्या नायकाने जे टाकून दिले, तेच तो मूल्य मोजून घरी आणतो.

घरातील वडीलधाऱ्यांचेही येथे एक कर्तव्य आहे. आवडती कथा संपल्यावर मूल उदास दिसले, की “एका सिनेमापायी एवढे काय?” असे म्हणणे सोपे असते. त्याऐवजी, शेवट कसा झाला, काय पटले, काय पटले नाही, असे विचारावे. अनित्य भावनेचे चिंतन मोठ्या वियोगाच्या प्रसंगी एकदम साधत नाही. लहान वियोगांतून तिचा सराव होतो. जे संपले त्याविषयी कृतज्ञ राहता येते आणि तरी ते धरून न ठेवताही जगता येते, हे मुलाला एखाद्या चित्रपटाच्या निमित्ताने उमगले, तर तो सराव वाया गेला नाही.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा जुन्या वहीविषयी कोणी राग धरीत नाही आणि तिच्यातच पुढची पाने जोडण्याचा हट्टही करीत नाही. हिशेब तपासला जातो, चूक असेल तेथे खूण केली जाते आणि शिल्लक नव्या वहीत ओढली जाते. दहा वर्षांच्या या खात्यात प्रतीक्षेचा आनंद जमेस आहे, गाळलेल्या पश्चात्तापाची नोंद नावे आहे, आणि शिल्लक निघते ती छडी मोडून टाकणाऱ्या त्या हातांची. पुढे ओढावी ती तेवढीच.