लग्नाचे नाते विमानतळावर पुसू नका!

समलिंगी जोडप्यांच्या विवाहहक्कासाठी करवीरच्या जनतेला जाहीर आवाहन

कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

२६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस. महाराष्ट्र तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतील, मिरवणुका निघतील, भाषणे होतील. या दिवशी महाराजांच्या एका कायद्याची आठवण ठेवावी आणि तो कायदा जिथे थांबला तिथून एक पाऊल पुढे टाकावे, एवढ्यासाठी हे पत्रक तुमच्या हाती देत आहोत.

आमची मागणी एका वाक्याची आहे. दोन सज्ञान पुरुषांना किंवा दोन सज्ञान स्त्रियांना एकमेकांशी लग्न करायचे असेल, तर भारताच्या कायद्याने ते लग्न नोंदवावे आणि परदेशात झालेले असे लग्न भारतात मानावे.

महाराजांनी काय केले?

विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आंतरजातीय विवाहाचे बिल मांडले. सनातन्यांनी देशभर गहजब केला. धर्म बुडेल, वर्णसंकर होईल, कुटुंबव्यवस्था मोडेल, अशी ओरड झाली आणि बिल पुढे गेले नाही. शाहू महाराजांनी त्या बिलाला उघड पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये आपल्या संस्थानात आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहाला मान्यता देणारा कायदा करून मोकळे झाले. त्याआधी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा त्यांनी केलाच होता.

त्या कायद्याने कोणालाही परजातीत लग्न करायला भाग पाडले नाही. ज्याला जातीत करायचे होते त्याने जातीत केले. कायद्याने फक्त एवढे सांगितले की दोघांनी राजीखुशीने संसार मांडला, तर भाऊबंद काहीही म्हणोत, दरबार त्यांच्या पाठीशी उभा राहील. धर्म बुडाला नाही. आज तर महाराष्ट्र शासन आंतरजातीय जोडप्याला ५०,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अर्थसाहाय्य देते. कालचे पाप आज सरकारी योजना झाले आहे. आम्ही अनुदान मागत नाही, फक्त नोंद मागतो.

कलापूरची मुले दूर का राहतात?

हे शहर चित्रपटाचे माहेर. बाबूराव पेंटरांनी इथे ‘सैरंध्री’ घडवला, १९२९ मध्ये प्रभात इथेच उभी राहिली, पुढे जयप्रभा स्टुडिओने पिढ्यांना काम दिले. कॅमेऱ्याच्या वेडापायी घर सोडणे कोल्हापूरला नवे नाही. पण चित्रपट करणारा मुलगा समलिंगी असेल, तर तो केवळ कामासाठी बाहेर जात नाही. ‘स्थळ बघू का’ या प्रश्नापासून तो लांब जातो. परक्या देशात त्याला काम मिळते, जोडीदार मिळतो, रीतसर लग्नही होते. तिथे तो परका आणि गावात त्याचा संसार बेकायदा नसला तरी बिनकायदा. दोन्ही ठिकाणी तो अर्धाच राहतो.

मुंबईच्या इस्माईल मर्चंट यांचे आयुष्य आठवा. १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस ऐन तारुण्यात न्यूयॉर्कला गेला. १९६१ मध्ये जेम्स आयव्हरी यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटसंस्था काढली आणि चाळीसच्या वर चित्रपट जगाला दिले. दोघे ४४ वर्षे कामातही जोडीदार होते आणि आयुष्यातही. भारताने २००२ साली मर्चंट यांना पद्मभूषण दिले. मात्र त्यांच्या हयातीत हे नाते उघड बोलले गेले नाही. मर्चंट यांच्या घरच्यांना काय वाटेल, या काळजीने आयव्हरी यांनीही कितीतरी वर्षे मौन पाळले. मे २००५ मध्ये मर्चंट लंडनमध्ये वारले. समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा ब्रिटिश कायदा त्याच वर्षी डिसेंबरात अमलात आला. मुंबईच्या मातीत त्यांचे दफन झाले, तेव्हा ४४ वर्षे साथ देणारा माणूस कायद्याच्या लेखी त्यांचा कोणीच नव्हता.

याच जोडीने १९८७ साली ‘मॉरिस’ हा दोन पुरुषांच्या प्रेमाचा चित्रपट केला. तो ज्या कादंबरीवर आधारला, तिचे लेखक ई. एम. फॉर्स्टर. हेच फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते, आणि ते देवासचे महाराज म्हणजे आपल्या शाहू महाराजांचे जावई. फॉर्स्टर स्वतः समलिंगी होते. ही कादंबरी त्यांनी जिवंतपणी छापली नाही. ती १९७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली. समलिंगी माणसे आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या वाड्यातही वावरत होती. फक्त त्यांनी तोंड मिटून राहावे, अशी सर्वांची अपेक्षा होती.

आता ते मौन सुटले आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक जिंकले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण, ‘लग्न कधी’ म्हणून मागे लागलेले नातलग आणि गावातलाच त्याचा जुना मित्र, अशी ती गोष्ट आहे. दिग्दर्शक स्वतः समलिंगी असल्याचे उघडपणे सांगतो. मराठी भाषेतली ही गोष्ट जगाने उभे राहून वाखाणली. तिच्यातल्या दोघांना लग्न करायचे झाले, तर महाराष्ट्रातले एकही विवाह नोंदणी कार्यालय त्यांचा अर्ज घेणार नाही.

तिथे नवरा, इथे कोणी नाही

समजा, कोल्हापूरच्या मुलाने न्यूयॉर्कमध्ये एका अमेरिकी पुरुषाशी कायदेशीर लग्न केले. इकडे वडील अंथरुणाला खिळले आणि त्याने कायमचे परतायचे ठरवले. परदेशी स्त्रीशी लग्न केले असते, तर नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षे झाल्यावर ती ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतात दीर्घकाळ राहण्याच्या हक्कासाठी, अर्ज करू शकली असती. नवऱ्याला ती वाट खुली नाही. तो पर्यटक म्हणून येणार आणि मुदत संपली की निघणार. विमान मुंबईत उतरते आणि दोघे कागदोपत्री परके होतात. मुलाने बापाची सेवा करावी की संसार राखावा? अशी निवड आपण कुठल्याही सुनेला, जावयाला करायला लावत नाही.

इथेच राहणाऱ्या जोडप्यांचीही तीच गत आहे. मृत्युपत्र न करता एकजण गेला, तर वारसा कायद्यात दुसऱ्याला जागा नाही. वीस वर्षांच्या घरात भावकी येऊन कुलूप लावू शकते. जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता येत नाही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर आयकर नाही. या दोघांत मात्र वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेलेली भेट करपात्र ठरते. इस्पितळात ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ या प्रश्नाला एका शब्दात देण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

अमेरिकेतही हेच होते. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी २००७ साली कॅनडात लग्न केले. २००९ मध्ये स्पायर वारल्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ते लग्न मानले नाही आणि विंडसरबाईंना ३,६३,०५३ डॉलरचा वारसाकर भरायला लावला. त्या कोर्टात गेल्या आणि २६ जून २०१३ रोजी जिंकल्या. त्या निकालानेच परदेशी समलिंगी जोडीदारांना तिथे स्थायिक होण्याचे दार उघडले. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ रोजी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा विवाहहक्क सर्व राज्यांत लागू केला. दोन्ही निकाल शाहू जयंतीच्या तारखेला लागले. हा योगायोग असला, तरी त्या तारखेचा आपल्याइतका अभिमान जगात दुसऱ्या कोणाला नाही.

विरोधकांना आमची उत्तरे

‘कोर्टाने नाही म्हटले, आता विषय संपला.’ संपलेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाची बेडी तोडली आणि सज्ञान समलिंगी व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. पण न्यायालयाने लग्नावर बंदी घातलेली नाही. कायदा करणे हे कायदेमंडळाचे काम आहे, असे सांगितले आहे. म्हणजे चेंडू संसदेकडे आहे आणि संसदेत आपण निवडून दिलेली माणसे बसतात.

‘हे शहरी, उच्चभ्रू चोचले आहेत.’ केंद्र सरकारने न्यायालयात जवळपास हेच मांडले. त्यांनी खेड्यांतल्या कोवळ्या पोरांना विचारावे. शहरातल्या पैसेवाल्याला वकील मिळतो, मृत्युपत्र करता येते, परदेशी निघून जाता येते. कायद्याची खरी गरज भुदरगडच्या शेतमजुराला आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला आहे, कारण त्याला दुसरा आसरा नाही.

‘ही परदेशी थेरं आहेत.’ विजय तेंडुलकरांनी स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची व्यथा ‘मित्राची गोष्ट’मध्ये १९८१ सालीच मराठी रंगभूमीवर उभी केली. परदेशी होते ते ३७७ कलम. ते १८६० साली इंग्रजांनी आणले. शेजारच्या नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिले असे लग्न नोंदले गेले. तैवानने २०१९ साली कायदा केला, थायलंडचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. हे सारे आशियातलेच देश आहेत. आणि आयर्लंडचे पंतप्रधान झालेले, समलिंगी असल्याचे उघड सांगणारे लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे नातू. २०१९ साली ते गावी आले, तेव्हा गावाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले. परक्याच्या नातवाचा अभिमान वाटतो, मग स्वतःच्या मुलाची लाज का?

‘एकत्र राहा, कोण अडवतो? लग्नाचा हट्ट कशाला?’ हा प्रश्न मोठेपणाच्या सुरात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट ऐका. लपून राहायला परवानगी देणे म्हणजे हक्क देणे नव्हे. अस्पृश्यांना विहिरीवर लांबून पाणी वाढत होतेच, तरी स्वतः पाणी भरण्याचा हक्क त्यांना लढून घ्यावा लागला. लग्न म्हणजे वारसा, पेन्शन, विमा, व्हिसा, मूल, घर आणि मयताच्या तिरडीला खांदा देण्याचा मान. तुम्हाला हे सारे एका सहीने मिळते. आम्हाला ते दयेवर आणि शेजाऱ्यांच्या मर्जीवर मिळावे, हे आम्हाला मान्य नाही.

आईबापांना एक विनंती

मुलगा ‘तसा’ आहे हे कळूनही ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून बोहल्यावर उभा करू नका. त्यात दोन जीव जळतात. दुसऱ्याच्या घरची लेक काही दोष नसताना आयुष्यभर स्वतःलाच दोष देत राहते. मुलीला मारून मुटकून खपवू नका. तुमचे मूल आजारी नाही. त्याला औषधाची, अंगाऱ्याची, बुवाची गरज नाही. तुमच्या घराच्या दाराची गरज आहे. ते उघडे ठेवा.

आमच्या मागण्या

१. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून कोणत्याही दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाची नोंद करावी. खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत अशा दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले होते; सरकारने तो विषय स्वतः हाती घ्यावा.

२. त्याच कायद्यातली ३० दिवसांची जाहीर नोटीस रद्द करावी. ती जात-धर्म ओलांडणाऱ्या जोडप्यांच्याही मुळावर येते.

३. परदेशात झालेले समलिंगी विवाह मान्य करून परदेशी जोडीदाराला व्हिसा आणि ओसीआयचा हक्क द्यावा.

४. संयुक्त बँक खाते, एकत्र रेशन कार्ड आणि जोडीदाराचे पार्थिव ताब्यात घेणे यांबाबत केंद्राने २०२४ मध्ये सूचना काढल्या आहेत. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेत, तहसील कचेरीत आणि रुग्णालयात मराठीत लावाव्यात आणि पाळाव्यात.

५. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय आहे. केंद्र हलत नसेल, तर महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतः दुरुस्ती करून राष्ट्रपतींकडे पाठवावी. १९१९ साली कोल्हापूर संस्थान देशासाठी थांबले नव्हते.

मतदारहो, २०२४ साली कोल्हापूरने राजर्षींच्या गादीच्या वारसालाच संसदेत पाठवले आहे. त्यांना आणि हातकणंगल्याच्या खासदारांना या पाच मागण्यांचे पत्र लिहा, खाली आपले नाव आणि गाव घाला. तालमीत, महिला मंडळात, कॉलेजच्या कट्ट्यावर, पतसंस्थेच्या सभेत हा विषय काढा. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी वाद घाला, पण गप्प बसू नका. शाहूंचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला व्यासपीठावरच विचारा: या मागण्यांना तुमचा पाठिंबा आहे की नाही? हो किंवा नाही, असे एका शब्दात उत्तर घ्या आणि ते मतदानाच्या दिवशी लक्षात ठेवा.

आपले,
समान विवाहहक्क मागणारे कोल्हापूरकर

(वाचून झाल्यावर हे पत्रक दुसऱ्याच्या हाती द्या.)