शॉवर वर, धार खाली

शॉवर सुरू करावा, तर वरून चार थेंब आणि बादलीवरच्या नळातून मात्र धार! असं होतं ना? दुखणं असतं मधल्या चावीत, म्हणजे पाणी वर पाठवणाऱ्या डायव्हर्टरमध्ये.

ते समजायला जरा कोयनानगरला जाऊ. तिथलं धरण १०३ मीटर उंच, सांडव्यावर सहा वक्र दरवाजे. पोलादी दरवाजा काँक्रीटला कितीही नीट बसवला तरी फट राहतेच. ती बुजवते कडेची रबरी पट्टी. डायव्हर्टरमध्ये हेच काम एक चिमुकली रबरी रिंग करते. गच्चीवरची टाकी पाच मीटर वर असली, तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो भार! रबर कडक झालं, क्षार साचले, की पाणी निसटलंच.

आधी खाली मग धरून एका मिनिटाची गळती मोजा. अर्धा लिटर भरली, तर दहा मिनिटांच्या अंघोळीत पाच लिटर गेलं!

आता आई किंवा बाबांना बरोबर घ्या. गिझर आणि मेन कॉक बंद करा, नळातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका (नाहीतर स्क्रू गेलाच म्हणून समजा). चावी काढून आतला दांडा पान्याने हळूच डावीकडे फिरवत सोडवा. साचलेले क्षार लिंबाच्या रसाने निघतात. जुनी रिंग दुकानात सोबत न्या. अंदाजाने आणलेली हमखास लहान-मोठी निघते.

बसवल्यावर पुन्हा मोजा. अजून गळतंय? मग दांडाच झिजलाय, प्लंबरकाकांना बोलवा.