काळाही रंगच की!

गेल्या शनिवारी भर पावसात भाची चामटोलीला आली. बदलापूर स्टेशनपासून रिक्षानं. स्वतः चिंब भिजलेली, पण रेनकोट मात्र छातीशी धरलेल्या चौकोनी खोक्याला गुंडाळलेला. आत गायिका टेलर स्विफ्टच्या ‘मिडनाइट्स’ अल्बमची रेकॉर्ड होती. निळी, आणि त्या निळ्यात दुधाळ रेषा विरघळलेल्या. किंमत चार हजारांच्या वर.

“मामा, तुझा प्लेअर चालतो ना अजून?” म्हणजे बाईंकडे प्लेअरच नव्हता! टोमणा जिभेवर आला होता, पण गिळला. जगाचीच ही तऱ्हा आहे. २०२२ साली अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्डी खपल्या आणि १९८७ नंतर पहिल्यांदाच त्यांनी सीडींना मागं टाकलं. पुढच्या वर्षीच्या एका पाहणीत मात्र असं दिसलं की, रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरी ती वाजवायचं यंत्रच नाही.

‘मिडनाइट्स’ २१ ऑक्टोबर २०२२ ला आला. झोप न लागलेल्या रात्रींची १३ गाणी. विकणाऱ्यांनी त्याच्या चार रंगांच्या तबकड्या काढल्या, प्रत्येकीला वेगळं कव्हर. चारही कव्हरं पाठीकडून जुळवली की घड्याळाची तबकडी तयार होते; काटे आणि यंत्र अर्थातच वेगळे पैसे मोजून घ्यायचे. गाणी तीच. आई असती तर म्हणाली असती, एकच भाजी चार वाट्यांत वाढलीय.

रंगीत तबकडी काही नवी नव्हे. १९४९ साली आरसीए व्हिक्टर कंपनीनं मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी आणल्या, तेव्हा शास्त्रीय संगीताला लाल, कंट्रीला हिरवा, मुलांच्या गाण्यांना पिवळा असे रंग वाटून दिले होते. त्या रंगावरून आत काय आहे ते कळायचं. आताच्या रंगावरून कळतो तो फक्त खिसा.

एवढं भाषण झाल्यावर मी कपाटातून ‘दिल पडोसी है’ काढली. १९८७ चा जोड-अल्बम. शब्द गुलजारांचे, संगीत पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मन यांचं, आवाज आशाबाई भोसल्यांचा. सिनेमा नाही, त्यामुळे पडद्यावर नायिका नाही की बाग नाही. जो काही मूड उभा करायचा तो गाण्यानंच. मी तबकडी उजेडात धरली आणि म्हणालो, “ही बघ, खरी काळी.”

भाचीनं मोबाइलवर शोधून मलाच शिकवलं. रेकॉर्डचं प्लॅस्टिक मुळात काळं नसतंच. त्यात काजळी घालतात. म्हणजे काळाही दिलेला रंगच!

मी निमूट प्लेअर उघडला. त्याचा पट्टा मागं उल्हासनगरच्या एका कारागिरानं बदलून दिलाय. आधी तिची निळी लावली. वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत खर्र खर्र फिरत राहिली, बाहेर पन्हळ वाहत होती, आणि आम्ही दोघं काही न बोलता बसून होतो. मोबाइलवर एव्हाना पुढचं गाणं कानावर आदळलं असतं. उदास अल्बमला ही मधली जागाच लागते. उठायचं, तबकडी उलटायची, सुई अलगद टेकवायची, तोवर ऐकलेलं मनात खाली बसतं.

मग आशाबाई लावल्या. पहिली बाजू संपली तशी भाची स्वतःच उठली. हात ओढणीला पुसले आणि तबकडी कडेनं धरून उलटली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा निळी घ्या, हिरवी घ्या, हौसेला मोल नाही. फक्त भिंतीला टांगू नका. प्लेअर नसेल तर चामटोलीला या. येण्याआधी एक फोन करा, पावसात आमच्याकडे दिवे असतातच असं नाही.