वॉर्डात सिस्टर किती होत्या?

"सिस्टर लक्षच देत नव्हत्या हो," असं कोविडच्या काळाबद्दल आजही कुणीतरी मला सांगतं. मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. मला राग येत नाही, कारण तक्रार बऱ्याचदा खरी असते. पण तिचं कारण सिस्टरच्या स्वभावात शोधू नका.

पीपीई किट एकदा चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. पाळीच्या दिवसांचं तर विचारूच नका. म्हणून घरून निघतानाच आम्ही पाणी पिणं बंद करायचो. गॉगलवर वाफ, हातात दोन-दोन ग्लोव्हज. शीर बोटाला लागायची नाही. एरवी एका टोचणीत होणारं काम तिसऱ्यांदाही चुकायचं.

त्यात माणसं कमी. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटमागे एक परिचारिका हवी, असं आम्ही जीएनएमला शिकलो. नळ्या लावलेल्या माणसाला पालथं झोपवायचं तर चार-पाच जण लागतात. एका नाइटला आम्ही दोघी आणि पेशंट बावीस. एक आजोबा मास्क काढून संडासला निघाले. मी दुसऱ्या टोकाला इंजेक्शन भरत होते. पोहोचले तेव्हा सॅच्युरेशन ६८. ते वाचले, पण माझी मान तेव्हा वळली म्हणून.

२२ मार्च २०२० ला आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. पुढे तीन-तीन महिन्यांच्या करारावर मुली भरल्या आणि लाट ओसरताच घरी पाठवल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, असं २०१६ साली सुचवलं होतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली त्याच्या निम्म्यावर राबतात, म्हणून डबल ड्यूटी घेतात. सोळाव्या तासाला औषधाच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचता येत नाही.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारं विधेयक १९४६ साली मांडलं. कामगार थकतो, हे तेव्हा कायद्याने मानलं. आमच्या कामाला मात्र 'सेवा' म्हणायचं, म्हणजे तास मोजायला नकोत.

तुमचं माणूस ॲडमिट असेल तर इनचार्ज सिस्टरला विचारा, या पाळीला किती जणी आहेत आणि पेशंट किती. दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर त्या आकड्यांसह थेट अधीक्षकांकडे लेखी करा, आणि पोच घ्या.